दातांचा पट्टा

हिप्परग्याचा तलाव मागं पडला
आणि एकशे दहावर
बोनेटखाली कुणीतरी चुटकी वाजवली.
एकच.
मग टायरांचा आवाज, वाऱ्याचा आवाज,
माझ्या गाडीचा स्वतःचा आवाज कुठेच नाही.

स्टीअरिंग दगड झालं. ब्रेकवर दोन्ही पाय दिले.
डावीकडे मुरमावर येऊन थांबलो
तेव्हा जाळीतून अजून गार हवा येत होती,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चावी मारली. इंजिन फिरलं,
फारच हलकं फिरलं,
सूत संपलेल्या रहाटासारखं.
दस्तगीर फोनवर ओरडला, परत मारू नका मालक,
हात काढा चावीवरनं,
आहे तेवढं तरी राहू द्या.

लाल, दोन सीटची, जपानी, अकरा वर्षांची.
हैदराबादच्या एका बिल्डरच्या पोराकडून घेतली.
सर्व्हिसचं पुस्तक होतं, सगळे शिक्के होते,
सगळे एकाच शाईचे.
हे मला तेव्हाच दिसलं होतं.
खोटं कशाला बोलू, दिसलं होतं.
पण अशोक चौकातल्या शेडमधले चार माग
त्याच आठवड्यात मी किलोवर भंगारात घातले होते,
आणि त्या चार मागांच्या जागेत
ती इतकी अचूक मावत होती
की पुस्तकाची पानं भराभर उलटली.
भंगारात भागलं नाही.
वरचे कुठून आणले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

माग असं करत नाही.
ताण्यातला एक धागा तुटू दे,
त्याची पत्ती खाली पडते, माग थांबतो,
अडीच हजार धागे एकासाठी थांबतात.
तू ये, गाठ मार, मग चालू.
इथं पट्टा तुटला
आणि पिस्टन आपले कामावर येतच राहिले,
वर, वर, वर,
उघड्या वॉलच्या तोंडावर.

मे महिना. सव्वाअकरा. झाड नाही.
दोन पोरं मोटरसायकल थांबवून आली.
काय की ओ, बंद पडली होय?
किती पळती?
म्हटलं, आता अजिबात नाही.
आत बसून त्यांनी एकेक फोटो काढला
आणि जाताना अर्धी बाटली पाणी ठेवून गेली.

शेवटी रेवणसिद्ध थांबला, पाण्याचा टँकर घेऊन.
दोर त्याच्याकडे नव्हता, माझ्याकडे नव्हता.
डिकीत टॉवेलच्या कापलेल्या काठांचं गाठोडं होतं,
हात पुसायला ठेवतो तसलं.
टँकरच्या सावलीत बसून दोघांनी वेणी घातली,
मनगटाएवढी.
ती तलावाच्या वळणावर तुटली,
मग तुळजापूर नाक्यावर तुटली,
दोन्ही वेळा उतरून मी गाठ मारली,
वडिलांनी शिकवलेली, डोळे मिटून येते ती,
कापडावर हात फिरवला तर लागत नाही.
रेवणसिद्धनं लाथ मारून पाहिली.
सुटंना की ओ, म्हणाला.
मला त्याला काहीतरी सांगायचं होतं,
पण मागं हॉर्न सुरू झाले.

चौथ्या दिवशी दस्तगीरनं हेड उतरवलं.
सोळापैकी अकरा वॉल वाकडे.
आकडा सांगितला, मग चहा सांगितला.
जुनं इंजिन मागवू, म्हणाला, निम्म्यात होईल.
विचारलं, त्याचा पट्टा कुणी बदललाय?
तो हसला नाही, बशीत चहा ओतत राहिला.

पट्टा मी घरी आणला. शेडमध्ये खिळ्याला लावला.
कांड्या भरणारी नरसव्वा बघत होती.
हे कशाचं?
गाडीचं.
एवढंसं?
तिनं दातांवरून अंगठा फिरवला,
झिजलेत की, म्हणाली,
आणि पुन्हा रहाटाला बसली.

परवा पाहिलं तर खिळा रिकामा.
वाऱ्यानं आपटणारं खिडकीचं दार
तिनं त्या पट्ट्यानं गजाला बांधून टाकलंय.
गाठ साधीच मारलीय.
सुटेल.